मांडव्याचा अविनाश

पहाटे देगलूरच्या रस्त्यावर पोरं पळताना तुम्ही पाहिली असतील. कुणाला फौजेत जायचं असतं, कुणाला पोलिसात. कुणी हसून म्हणतं, "पळून पोट भरतं का?" त्यांच्यासाठी आम्ही ही गोष्ट सांगतो.

आपल्या मराठवाड्यात बीड जिल्हा आहे. त्यातील आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे. अविनाश साबळे तिथला शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटर लांब. बारावी झाल्यावर तो फौजेत गेला. सियाचीनच्या बर्फात त्याने पहारा केला. पुढे फौजेतच तो शर्यतीत उतरला.

ही शर्यत ३,००० मीटरची असते. वाटेत तीन फूट उंच आडवे लाकूड असते. ते २८ वेळा ओलांडायचे. शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची.

पूर्वी इंग्रजी अमलात असलेल्या बहुतेक देशांचे मिळून राष्ट्रकुल आहे. त्याच्या स्पर्धा होतात. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनिया देशानेच नेली. २०२२ साली इंग्लंडात अविनाश दुसरा आला. पहिला गडी फक्त सेकंदाच्या विसाव्या भागाने पुढे होता! २०२३ साली चीनमध्ये आशियाई स्पर्धेत अविनाशने सोने जिंकले.

पोरीही मागे नाहीत. सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत पोचली. जगात दहावी आली.

पदक सगळ्यांना मिळत नाही. पण पळणाऱ्याला हसू नका. आणि पोरीला अडवू नका.