खडकवासल्याची भिंत

आपण खडकवासल्याला जातो ते कणीस आणि कांदाभजी खायला. पाण्याकडे पाठ करून फोटो काढले की ट्रिप संपली! पण आपण सिव्हिलवाल्यांनी तरी एकदा पानशेत रस्त्याने पाण्याच्या कडेकडेने रमतगमत चालावं, सिंहगड डोळे भरून बघावा आणि मग त्या दगडी भिंतीकडे नीट पाहावं.

कर्नल फाइफ यांच्या योजनेनुसार ही भिंत १८७९ मध्ये पुरी झाली. हा ग्रॅव्हिटी डॅम. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी शब्द मला विचारू नका!) म्हणजे भिंत उभी राहते ती फक्त स्वतःच्या वजनावर. पाण्याचा जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंत उलथवू पाहणारा मोमेंट घनाच्या. धरण निम्मं भरलेलं असताना हा मोमेंट पूर्ण भरल्यावरच्या फक्त एक अष्टमांश असतो. त्रिकोणी सेक्शन धरा, दगडी बांधकाम पाण्याच्या २.४ पट जड धरा, तर ३० मीटर पाण्यासाठी तळाची रुंदी सुमारे १९.४ मीटर लागते. पायातून वर ढकलणारं पाणी, म्हणजे अपलिफ्ट, पूर्ण धरलं तर हीच रुंदी २५ मीटरच्या वर जाते. फाइफ यांच्या काळी अपलिफ्टचा हिशेब करत नसत. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं, तेव्हा सगळे जागे झाले.

पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये इथे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. भिंत न वाढवता साठा वाढला. मला तर ही आयडिया आजही भारी वाटते.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी वरचं पानशेत धरण फुटलं. ते मातीचं होतं, काम अजून पुरतं झालेलं नव्हतं. जवानांनी वाळूची पोती रचूनही ते वाचलं नाही. मातीला एकदा भगदाड पडलं की पाणीच ते मोठं करत जातं. तो सगळा लोंढा ८२ वर्षांच्या या भिंतीवर आला. वरून पाणी वाहत असतानाही ती काही तास टिकली, मग फुटली. दिवसाउजेडी मिळालेल्या त्या तासांत नदीकाठच्या पेठांतली कितीतरी माणसं उंचावर जाऊ शकली.

आज खडकवासल्याचा साठा जेमतेम १.९७ टीएमसी आहे. पण वरच्या पानशेतचा १०.६५, वरसगावचा १२.८२. त्यांनी सोडलेलं पाणी इथूनच पुढे जातं. म्हणून धरण किती टक्के भरलं यापेक्षा दरवाजातून किती पाणी सोडताहेत, हे खाली राहणाऱ्यांना आधी कळायला हवं.

आमच्या कळंबला हे शिकवावं लागत नाही. वर घोड नदीवर डिंभे धरण आहे. पाणी सोडणार म्हटलं की काठावरचे शेतकरी मोटारी वर ओढून घेतात, आणि आजोबा फोनवर पहिलं विचारतात, "किती क्युसेक?"