सशाचा कोपरा

चिपळूण

चि. ओंकार,

तुझ्या बाबांचा फोन आला होता. ससा घरभर घाण करतो, परत देऊन टाक, असं ते म्हणाले आणि तू जेवला नाहीस. आधी जेव. लालबागच्या त्याच खोलीत मीही ससा सांभाळलाय, म्हणून लिहितेय.

आपल्या सह्याद्रीतला रानससा उघड्यावर राहतो. तुझा पाळीव ससा मात्र युरोपातल्या, बिळांत कळपाने राहणाऱ्या सशांच्या वंशातला. ते ठरावीक जागी लेंड्या टाकतात, तीच त्यांच्या हद्दीची खूण. म्हणजे सवय त्याच्या अंगातच आहे, तू फक्त सोय करायचीस. आणि जागा तो निवडणार. मी इथेच चुकले. धुवायला बरं म्हणून लेंड्यांसाठीचा टब मोरीपाशी ठेवला. माझा ससा जायचा कॉटखाली, भिंतीकडच्या कोपऱ्यात. महिनाभर त्याला उचलून मोरीशी नेलं, ओरडले, एकदा वर्तमानपत्राची सुरळी आपटली. तो मला बघून लपायला लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी टबच कॉटखाली सरकवला, तेव्हा कुठे आठवड्याभरात जमायला लागलं.

म्हणून सगळी खोली तुझ्या सशाला एकदम मोकळी देऊ नकोस. पुठ्ठा लावून थोडीच जागा दे आणि कुठल्या कोपऱ्यात जातो ते दोन दिवस बघ. तिथे पसरट टब ठेव, आत बसून त्याला वळता आलं पाहिजे. तळाला वर्तमानपत्र, वर कागदाच्या गोळ्या. मांजरांसाठी मिळते ती, ओली झाली की गोळा होणारी माती आणू नकोस. पोटात गेली तर आतडं तुंबतं. सुताराकडचा भुसाही नको, धुळीने श्वासाला त्रास होतो. टबाच्या एका टोकाला वाळलेलं गवत भरपूर घाल. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवतापाशी तो आपणहून बसेल. बाहेर पडलेल्या लेंड्या आणि लघवी टिपलेला कागद टबातच टाक, वासावरून त्याला जागा कळते. लादीवरचे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून पूस. फिनेल तिथे नको, आईला सांग.

कधी तो बुडाशी तोंड नेऊन मऊ लेंड्या खाताना दिसेल. हटकू नकोस. तेच अन्न तो दुसऱ्यांदा पचवतो, ते त्याला लागतंच.

चार-सहा महिन्यांचा होऊन वयात आला की पुन्हा जागोजागी लघवी उडवेल. सगळं शिकवलेलं वाया गेलं असं बाबांना वाटेल. तेव्हा नसबंदीचं बघ. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आपल्याकडून चालत जाण्याइतकं जवळ आहे. सशांची शस्त्रक्रिया कोण करतं, ते तिथे विचार. एरवीही त्याने दिवसभर गवताला तोंड लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने.

गणपतीत ढोल-ताशे आणि फटाके सुरू झाले की तो बिथरून टबाबाहेर करेल. ती भीती असते. त्या दिवसांत खिडकी लावून घे, टब आणि गवत त्याच्या लपायच्या जागेजवळ सरकव आणि लादी मुकाट्याने पूस.

बाबांशी मी बोलते, महिनाभराची मुदत मागते. त्याने कुठला कोपरा धरलाय ते कळव.

तुझी,
आत्या