बियाण्याची पावती

फुलसावंगीत कापसाचं बियाणं घेताना पक्कं बिल हातात पडल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरत नाही. बी उगवलं नाही तर बिल आणि पाकिटावरचं लेबल घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जायचं, हे वडिलांनी शिकवलं. तोच मी चार वर्षं आमच्या चर्चच्या पाळकाच्या हातात रोख पैसे देत गेलो, साधी चिठ्ठीसुद्धा मागितली नाही.

पहिला वेचा देवाचा, असं ते प्रार्थनेत सांगायचे. विश्वासाचं बी पेरा, शंभरपट उगवेल. शेतकऱ्याला ही भाषा लगेच भिडते. दशमांश मी आधीपासून देत होतो. मग प्रार्थनागृहाच्या जागेसाठी वेगळं मागणं सुरू झालं. एका हंगामात जिनिंगमधून पट्टी झाली आणि त्यातले 40,000 रुपये थेट त्यांच्याकडे गेले. खताची उधारी तशीच राहिली. बायकोनं डोरलं मोडलं, तेही त्या जागेतच गेलं. जागा घेतली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिथं उभं राहून गाणी म्हटली. दोन वर्षांनी पुतण्यानं मोबाइलवर सातबारा उघडला. भोगवटादार म्हणून नाव होतं पाळकांच्या बायकोचं.

विचारायला गेलो तर म्हणाले, "देवाच्या अभिषिक्तावर बोट दाखवतोस? घरावर शाप येईल." त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. मी घाबरलो आणि सहा महिने गप्प बसलो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते गप्प बसणं मला जास्त टोचतं.

धीर आला तो पवित्र शास्त्रातूनच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 8 वा अध्याय वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला पैसा पौल एकट्यानं नेत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेले भाऊ असतात, कुणी बोट ठेवू नये म्हणून. प्रेषिताला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती आपल्या पाळकाला अपमान का वाटावी?

म्हणून सांगतो, अर्पण द्या, पण नोंदणी क्रमांक छापलेली पावती घ्या. फोनवरून पैसे पाठवताना समोर संस्थेचं नाव येतं की माणसाचं, ते बघा. जागेसाठी देत असाल तर आधी ट्रस्टचा नोंदणी उतारा आणि खरेदीनंतर सातबारा मागा. आपल्या राज्यातला सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950 चा आहे. चर्चचा ट्रस्ट असो की मंदिराचा, दोन्हींना तोच लागू. ट्रस्टशी संबंध असलेला कुणीही कलम 41-ड खाली विश्वस्ताविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकतो. समाजातून वाळीत टाकण्याची धमकी आली, तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

मोठ्या चर्चमध्ये असं होत नाही, ही समजूतही सोडा. सप्टेंबर 2022 मध्ये जबलपूरचे बिशप पी. सी. सिंग यांच्या घरी आर्थिक गुन्हे शाखेला सुमारे 1 कोटी 65 लाखांची रोकड सापडली. शाळांच्या फीचे 2 कोटी 70 लाख वळवल्याचा आरोप होता. त्यांना पकडलं ते आपल्या नागपूरच्या विमानतळावर, ज्या शहरात 1970 साली त्यांचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं.

आम्ही आठ घरं आता एका अंगणात जमतो. प्रार्थना संपली की दोघं जण सगळ्यांसमोर अर्पण मोजतात, वहीत लिहितात आणि आकडा मोठ्यानं वाचतात. गेल्या रविवारी 640 रुपये होते. वाचून झाल्यावर बायकोनं वही मागून घेतली आणि बेरीज पुन्हा केली.