‘हे तर कुणालाही सुचलं असतं!’

अमेरिकेतल्या एका वकिली फर्मचं पत्र आमच्या पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: यात पेटंट घेण्यासारखं आहे काय? मालाची गाडी जवळ आली की ग्राहकाला निरोप जातो, ही कल्पना म्हणे त्यांच्या अशिलाची. पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात चालतं हे खरं. पण आमचं गिऱ्हाईकच तिकडचं. परवान्यासाठी मागितलेली रक्कमही बेतून काढलेली. लढण्यापेक्षा देऊन टाकलेली बरी वाटावी, इतकीच.

असं पत्र आलं तर रागाच्या भरात उत्तर धाडू नका, खणातही टाकून ठेवू नका. वकील गाठा, पण त्याआधी पेटंट स्वतः वाचा. शीर्षक आणि सारांश वाचून डोकं फिरतं. हक्क मात्र शेवटी दिलेल्या क्रमांकित दाव्यांपुरताच असतो. भाषा रटाळ असते, तरी एकेक पायरी सुटी करून आपल्या प्रणालीशी ताडून पाहा. त्यांच्या मुख्य दाव्यात, निरोप किती मिनिटं आधी हवा ते ग्राहक स्वतः ठरवतो, अशी पायरी होती. आमच्याकडे ते डेपोतला माणूस सगळ्यांसाठी एकदाच ठरवायचा. आमच्या उत्तराचा निम्मा भार या फरकावर होता.

अ‍ॅमेझॉनच्या ‘वन-क्लिक’ खरेदीच्या पेटंटची तर जगभर टिंगल झाली. ते 1999 मध्ये मंजूर झालं आणि त्याच वर्षी पुस्तकविक्रेत्या बार्न्स अँड नोबलविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. त्यांनी मुकाट्याने ऑर्डर देताना आणखी एक क्लिक घातली! 2001 मध्ये वरच्या कोर्टाने हुकूम उठवला, पुढे तडजोड झाली. पेटंट मात्र 2017 पर्यंत तगलं. टिंगल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

पुरावा लागतो तो तारखेचा, आणि तारीख मंजुरीची नव्हे, अर्जाची धरायची. वन-क्लिकचा अर्ज 1997 चा. म्हणजे त्याआधी काय माहीत होतं, ते दाखवायचं. हळदीने जखम भरते हे आपल्याकडे कुठल्या घरात ठाऊक नाही? तरी 1995 मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं, तेही आजीबाईच्या बटव्यावर नाही, छापील संदर्भांवर. म्हणून जुनी माहितीपुस्तकं, व्यवसायाची मासिकं, प्रदर्शनातली पत्रकं धुंडाळा. आपल्या कपाटातल्या खासगी वह्या इथे फारशा कामाच्या नाहीत. लोकांपुढे आलेलं हवं.

भारतात तर पत्राची वाट पाहायचंही कारण नाही. प्रसिद्ध झालेले अर्ज पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि पेटंट मंजूर होण्याआधी कलम 25(1) खाली कुणीही लेखी विरोध नोंदवू शकतो. मंजुरीनंतर मात्र संबंधित व्यक्तीलाच, तेही वर्षभराच्या आतच, हा मार्ग मोकळा असतो. आपल्या धंद्यातले नवे अर्ज अधूनमधून चाळायचं काम आमच्याकडे आता एका सहकारिणीला नेमूनच दिलंय. कंटाळवाणं आहे, ती कुरकुरतेही.