बोगनवेलीचे लाड पुरेत

अगं, आधी ते रोजचं पाणी थांबव. दोन वेळा पाणी, महिन्याला शेणखत, आणि वर तक्रार की बोगनवेलीला नुसता पाला! तुझ्या लाडांनीच फुलं अडलीत. विदर्भातले संत्रावाले बहार धरायला झाडाला ताण देतात ना, तेच हिचं. माती चांगली सुकू दे, पानं जराशी मलूल झाली की मगच भरपूर पाणी घाल. नत्राचं खत बंद. कुंडी मोठी करायचीही घाई नको, मुळं जरा दाटलेली हिला चालतात. ऊन मात्र सहा तास तरी हवंच. ते नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. पावसाळा सरला की दिवाळीच्या सुमाराला लांब फांद्या छाट. फूल नव्या फुटीवर येतं. आणि ज्याला तू फूल म्हणतेस ती रंगीत पानंच गं, खरं फूल म्हणजे मधली पांढरी इवलीशी नळी. ब्राझीलमध्ये १७६७ साली कॉमर्सन नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ही वेल सापडली, आणि त्याच्या मोहिमेच्या प्रमुखाचं, बूगनव्हिलचं नाव तिला मिळालं.

मधुमालतीचं मनात आहे म्हणालीस. वास सुरेख, संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल. लांब सोंडेचे पतंग रात्री तिच्यावर येतात. पण तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर तिला चढवू नकोस. ती वाढते म्हणजे अशी, की वरच्या काकूंच्या गॅलरीत शिरेल आणि भांडण तुला निस्तरावं लागेल. तिला जमीन आणि मांडव हवा. संक्रांतवेलीचंही तेच. जानेवारीत केशरी झुंबरं लटकतात ती बंगल्याच्या कुंपणावर बघावीत. नर्सरीवाला ‘कुठेही येते ताई’ म्हणेल, त्याचं काय जातं!

गॅलरीत मोगरा ठेव. डिसेंबरात पाणी तोड, जानेवारीत हात आखडता न घेता छाट, मग खत-पाणी सुरू कर. उन्हाळाभर गजऱ्यापुरती फुलं मिळतील. जास्वंदही ठेव, पण पिठ्या ढेकूण येणारच हे धरून चाल. कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला की पाण्याचा जोरदार फवारा मार, मग कडुनिंबाच्या तेलाचा, थोडा साबण घालून. मारायचा संध्याकाळी, भर उन्हात पानं भाजतात.

एक मात्र ऐक. तुझं लेकरू सध्या दिसेल ते तोंडात घालतंय. कण्हेर आणि बिट्टी, दोन्हींचं पान, फूल, बी सगळंच विषारी, आणि त्या विषाचा परिणाम थेट हृदयावर होतो. पिवळ्या अलमांडाचा चीकही अंगाला लागला तर खाज सुटते. कण्हेर घरात आणली असलीस तर आजच कुणाला तरी देऊन टाक. अंगण असलेल्या घरी, जिथे लहान मूल नाही अशाच घरी दे.