बफरचे आकडे उलटे कसे?

प्रश्न : पीएच ७.० चा, ०.१ मोलर फॉस्फेट बफर करायचा होता. पुस्तकातला पीकेए ७.२० घेऊन हिशेब केला. ०.२ मोलरच्या दोन द्रावणांपैकी आम्लाचे ६१.३ आणि आम्लारीचे ३८.७ मिली आले. प्रयोगशाळेतल्या तक्त्यात मात्र आम्ल ३९, आम्लारी ६१! तक्ता उलटा छापलाय का?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : तक्ता बरोबर आहे आणि तुमची आकडेमोडही. गोम आहे ती ७.२० मध्ये.

हेंडरसन-हॅसेलबाल्क सूत्र सांगते : पीएच = पीकेए + लॉग (आम्लारी ÷ आम्ल). ७.० मधून ७.२० वजा केले की उरते उणे ०.२०, म्हणजे एक भाग आम्लाला ०.६३ भाग आम्लारी. १०० मिलीची तशी वाटणी केली की तुमचेच आकडे येतात.

पण ७.२० हा पीकेए अतिविरल द्रावणाचा. ०.१ मोलर बफरमध्ये आयनांची दाटी असते. आपले आम्ल, म्हणजे सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, एक ऋणभाराचा आयन देते. आम्लारी, म्हणजे डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, दोन ऋणभारांचा. दोन भारांच्या आयनाभोवती सोडियम आयन अधिक जमतात आणि तो अधिक स्थिर होतो. साहजिकच आम्ल प्रोटॉन सहज सोडते आणि पीकेए ६.८ च्या आसपास उतरतो. डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये या परिणामाचे गणित मांडले. ६.८ घालून पाहा : आम्ल ३८.७, आम्लारी ६१.३. तक्ता जुळला! पीएच ७.० हा ७.२ आणि ६.८ यांच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणून आकडे उलटे दिसले. एरवी ते नुसतेच वेगळे दिसले असते.

तुमच्या प्रमाणाने बफर केला असता, तर मीटरने ६.६ च्या आसपास दाखवले असते. पडताळा घ्यायचा असेल, तर तयार बफर दहापट विरल करा. सूत्राप्रमाणे पीएच हलायला नको, पण तो सुमारे ०.२ ने चढेल, कारण दाटी कमी झाली.

करताना तक्त्याप्रमाणे मिसळा, १८० मिलीपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घाला आणि प्रमाणित केलेल्या मीटरवर पीएच पाहा. कमी असेल तर आम्लारीचे, जास्त असेल तर आम्लाचे द्रावण थेंबाथेंबाने घाला आणि मगच २०० मिली पुरे करा.