फोटो कुठला, हे सांगताना

महिन्याच्या बैठकीत स्ट्रीट फोटोग्राफीचे फोटो निवडायचं काम आता तुझ्याकडे आलंय, म्हणून हे सांगून ठेवतो. बघ, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मैत्रिणींना ओळीत उभं करून काढलेला फोटो येईल. मासुंदा तलावातल्या दिव्यांचा येईल, दुर्गाडीमागच्या सूर्यास्ताचा येईल. रस्त्यावर उभं राहून काढला म्हणजे स्ट्रीट, असं काढणाऱ्याला मनापासून वाटत असतं. "हा यात बसत नाही" एवढंच म्हणून परत दिलास, तर तो पुढच्या महिन्यात येणारच नाही.

आधी फोटोत काय साधलंय ते बोल, आणि नेमकं बोल. 'छान' म्हणून सोडू नकोस. उजेड गालावर कसा पडलाय ते दाखव. मग विचार, "यांना तू थांबायला सांगितलंस का?" सांगितलं असेल तर ते पोर्ट्रेट. आपापलं चाललेलं असताना टिपलं असेल तर स्ट्रीट. आणि लगेच सांग, की हा फोटो पोर्ट्रेटच्या बैठकीला आण, तिथे तो शोभेल.

पोर्ट्रेट म्हटलं की काहींना वाटतं, आपल्याला खालच्या पंगतीत बसवलं. त्यांना रोबेर द्वानोचा पॅरिसमधल्या चुंबनाचा फोटो दाखव, 1950 चा. जगभर भिंतींवर लागलेला. ते जोडपं अभिनय शिकणारं होतं आणि चुंबन त्याच्या सांगण्यावरून घेतलेलं, हे पुढे कोर्टकचेरीत उघड झालं. तरी लोकांचं त्या फोटोवरचं प्रेम आटलं नाही. ठरवून काढलेला फोटोही मोठा असतो, फक्त त्याला न ठरवलेला म्हणू नये.

उलट्या बाजूने, रस्ता नसला तरी चालतं. रघू राय यांचा 1995 चा चर्चगेट स्टेशनचा फोटो घे. गर्दी धूसर होऊन वाहते आहे आणि वर्तमानपत्र वाचणारा स्थिर. फलाट, जांभळी नाक्याचा बाजार, लोकलचा डबा, सगळं यात येतं. कुणी शेवटच्या क्षणी कॅमेऱ्याकडे बघितलं म्हणून फोटो बाद करणारे असतात. मी करत नाही. ते बघणंही घडलेलंच असतं.

सगळ्यात अवघड गुढीपाडव्याची शोभायात्रा. 1999 साली आपल्या डोंबिवलीत सुरू झाली, आता ठाणे-कल्याणलाही निघते. नऊवारी, फेटे, बुलेटवरच्या मुली, सगळे कॅमेऱ्यासाठी सजून आलेले. त्याचे फोटो हवेतच, पण ती उत्सवाची नोंद. नव्या मुलांना सांग, दहा मिनिटं यात्रेकडे पाठ करा. ढोल खाली ठेवून फोड आलेल्या हातावर पाणी ओतणारा पोरगा दिसेल. तोंडात पिना धरून लेकीचा सुटलेला फेटा बांधणारी आई दिसेल. गॅलरीतून वाकून बघणाऱ्या आजी दिसतील. हे त्यांना एकदा दिसलं, की व्याख्या सांगत बसावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र गोड बोलू नकोस. फुटपाथवर झोपलेला माणूस, रडणारी बाई, उघडंनागडं पोर, असा फोटो आला की विचार, "हा त्यांना दाखवायची तुझी तयारी आहे का?" उत्तर अडखळलं तर तो भिंतीवर लावायचा नाही. कुणी हाताने नको म्हटलं की कॅमेरा खाली, पुसून टाक म्हटलं की समोरच पुसायचा. स्ट्रीट फोटोग्राफीच्या नावाखाली यात सूट नाही.

आणि हे सगळं चारचौघांत बोलायचं नाही. बैठकीआधी चहाला गाठायचं. ज्याचा फोटो परत दिलास, त्याला त्याच आठवड्यात संध्याकाळी स्टेशनबाहेर रामनगरच्या बाजूला घेऊन जा. गाडी रिकामी झाली की रिक्षाच्या रांगेत काय काय घडतं, ते आधी कॅमेरे पिशवीतच ठेवून दोघांनी बघा, मग त्याला काढू दे.